दोन्ही काढली, असं लिहून द्या

शके १५९६, वैशाख. तुम्ही वरंध घाट उतरताय आणि पायाखालचा दगड सुटतोय. पुढे मोतद्दार, त्याच्या हातात घोडीची दोरी, घोडीमागे तिचं शिंगरू. शिंगरू म्हणायचं ते सवयीनं. दोन पावसाळे त्यानं पाहिलेत, मान भरायला लागलीय, आणि एका अंगाला दरी असतानाही त्याला पुढच्या घोडीला चिकटायचंय. मोतद्दार वळून त्याच्या नाकाडावर पंजा ठेवतो, चुचकारतो, पुन्हा चालू लागतो. खाली महाडकडची खोरी उन्हानं तांबूस पडलीत. पुढच्या महिन्यात, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक आहे. घाटावरून माणसं आणि जनावरं उतरतायत.

तुम्ही पागेच्या कारकुनाचे मदतनीस. सरकारी पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. घोडा सरकारचा, बारगीर नुसता त्यावर बसणारा, म्हणून घोड्याचा हिशेब कडक. याच सुमाराला चिपळूणच्या छावणीला महाराजांचं पत्र गेलंय. रात्री दिवे जळते ठेवाल, उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, वैरण जळेल आणि घोडी मरतील, इतक्या बारकाईनं त्यात बजावलंय. कोकणातल्या पावसात वैरण कुठून आणणार? असा धनी असलेल्या पागेत जनावराच्या अंगावरची एकही गोष्ट न बघता सुटत नाही.

तळीये गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी मुक्काम पडतो. घोडी अगाडी-पिछाडीला बांधली जातात, तोंडाला चंदीचे तोबरे चढतात. साळोत्री, म्हणजे पागेचा अश्ववैद्य, शिंगराच्या डाव्या कुशीला टेकून उभा राहतो. खांद्यापासून सुरुवात करून हात पोटावरून मागे नेतो, अगदी सावकाश. हात कुठे चाललाय ते जनावराला आधी कळायला हवं. मग मागच्या दोन मांड्यांच्या मधे.

“एकच आहे,” तो म्हणतो.

“दुसरं उतरंल की, बाबा. ल्हान हाय अजून,” मोतद्दार म्हणतो.

“दोन पावसाळ्यांचं ल्हान.”

लिहिणाऱ्यानं ऐकीव लिहू नये म्हणून साळोत्री तुमचाही हात धरून तिथे नेतो. कातडी पातळ, उबदार, जरा घामट. उजवीकडे बोटांना गुळगुळीत, सरकणारी गोळी लागते. डावीकडची पिशवी रिकामी आहे. कातडीला घडी पडलीय, आणि तिच्यावर व्रण नाही, म्हणजे कुणी काही कापलेलं नाही. बोटं आणखी वर सरकवता तेव्हा जांघेत एक फट जाणवते. आत काहीतरी लागलं असं वाटतं न वाटतं तोच शिंगरू मागचा पाय उचलतं आणि साळोत्री तुम्हाला खांद्यानं बाजूला सारतो.

तुम्ही साडेतीनशे वर्षं पुढून आलाय, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे की दुसरं अंड हरवलेलं नाही. पोटातल्या गर्भात दोन्ही अंडं मूत्रपिंडांपाशी तयार होतात. तिथून एका दोरीसारख्या पट्टीच्या वाटेनं ती खाली सरकत जांघेतल्या फटीतून पिशवीत उतरतात. घोड्यात हा प्रवास जन्माआधीचा महिना आणि जन्मानंतरचे थोडे दिवस एवढ्यात उरकतो. त्यानंतर फटीचं आतलं तोंड आवळतं. तेव्हा जे वाटेत असेल, ते पुढे कधीतरी खाली येऊ शकतं. जे पोटात राहिलं, ते राहिलंच. पोटातल्या उष्णतेत त्याच्यात बीज तयार होत नाही, पण नराचा माज आणणारं द्रव्य मात्र तयार होतच राहतं. म्हणजे उजवं काढलं तरी हे जनावर घोडाच राहील: माजावरच्या घोडीवर चढेल, दुसऱ्या नराला चावेल, लाथा झाडेल.

साळोत्र्याला ही शरीराची वाट ठाऊक नाही, पण जनावर ठाऊक आहे. आपल्याकडच्या अश्वशास्त्रानं असा घोडा पूर्वीच हेरून ठेवलाय. अग्निपुराणात घोड्यांच्या लक्षणांचा जो भाग आहे, त्यातल्या टाकून द्यायच्या घोड्यांच्या यादीत काळ्या टाळूच्या, वाकड्या दातांच्या घोड्यांबरोबर अंड न उतरलेला घोडाही आहे. आज आपण त्या यादीला अंधश्रद्धा म्हणून बाजूला करतो. काळ्या टाळूचं मी धरून बसणार नाही, पण या एका नोंदीमागे पिढ्यान्‌पिढ्या घोड्याच्या मांडीत हात घालणाऱ्यांचं निरीक्षण आहे असं मला ठामपणे वाटतं. असं जनावर विश्वासाचं नसतं आणि त्याचा दोष वंशात उतरतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

उपाय मात्र त्यांच्या हातात नाही. पागेत घोडी पुष्कळ, आणि नर बहुतेक अंडील, म्हणजे खच्ची न केलेले. खच्ची करायचं म्हणजे पाय बांधून पाडायचं, कापायचं आणि तापल्या लोखंडानं डागायचं. पिशवीत असलेल्या अंडाचं हे. पोटात असलेल्यासाठी जांघेतून आत हात घालायचा, तर भूल नाही, आतडं बाहेर आलं तर आत सारून शिवायची सोय नाही, आणि जखम चिघळली तर घोडा आठवड्याभरात जाणार. साळोत्री उठतो, ओढ्यावर हात धुतो आणि तुम्हाला सांगतो, “लिहा. डावं नाही. पागेत नको, ओझ्याला घ्या.” तुम्ही लिहिता. मोतद्दार काही बोलत नाही; तो शिंगराच्या मानेवरचे केस विंचरत बसतो.

आता दोनशे वर्षांहून थोडं जास्त पुढे या. साल १८८७, तुम्ही महाडकडचे एक विद्यार्थी. दासगाव बंदरातून सावित्रीच्या खाडीनं बाणकोट, तिथून समुद्रानं मुंबई. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ आहे, आणि २ ऑगस्ट १८८६ला त्याच आवारात मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील. मुंबईत १८७४पासून घोड्यांच्या ट्राम धावतायत. गर्दीत, घोड्यांच्या जोड्यांत, माद्यांशेजारी दिवसभर शांतपणे ओढणारं जनावर हवं. लष्कराला ऑस्ट्रेलियातून जहाजं भरभरून वेलर घोडे येतात, त्यांतले नर बहुतेक खच्ची केलेले. ज्या मुलखात नर घोडा खच्ची करण्याचा फारसा रिवाज नव्हता, तिथे आता खच्ची घोड्याला भाव आला आहे. आणि भाव आला की फसवणूकही येते.

आवारात पेंढ्याचा जाड थर पसरलाय. घोड्याच्या चारी पायांत पट्टे, पट्ट्यांतून दोर, दोराला सहा माणसं. एकदम ओढ बसते आणि घोडा कुशीवर पडतो. कुणीतरी त्याच्या मानेवर बसतं. नाकाला क्लोरोफॉर्मचा तोबरा. गोडसर, जड वास तुमच्याही डोक्यात शिरतो. आधी तो धडपडतो, मग श्वास लांबतात. शिक्षक तुमचं बोट त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्याला लावायला सांगतात: पापणी मिटली तर थांबा, मिटली नाही तर चाकू. पाण्यात कार्बोलिक आम्ल मिसळलंय, हात त्यात बुडवायचे. या घोड्याची दोन्ही अंडं खाली आहेत, त्यामुळे काम लवकर आटोपतं. पण त्यानंतरचं बोलणं तुम्ही वहीत उतरवून घेता, कारण ते न उतरलेल्या अंडाबद्दल आहे.

युरोपात आणि अमेरिकेत आता पोटातलं अंड शोधून काढणारे लोक आहेत. अमेरिकेत फार्मर माइल्स म्हणून ओळखला जाणारा एक जण गावोगाव जाऊन हे करून दाखवतो: जांघेतून बोटं आत, मग हात आत, चाकूपेक्षा बोटांवर भिस्त. भूल आणि जंतुनाशक हाताशी आल्यामुळे जे काम पिढ्यान्‌पिढ्या अशक्य होतं, ते शक्य झालंय, तरी घोडे दगावतात. आणि एक गोष्ट त्यांच्यातला प्रत्येक शहाणा माणूस बजावतो: लपलेलं सापडल्याशिवाय दिसणाऱ्याला हात लावू नका.

का, ते समजून घ्या. दिसणारं काढलं की पिशवी दोन्हीकडे रिकामी. बाजारात गिऱ्हाईक हात घालून बघतो, एक व्रण लागतो, गिऱ्हाईक समजतो घोडा खच्ची आहे. तो घरी नेतो. वसंतात घोडा माजावरच्या घोडीकडे दोर तोडून धावतो, मधे आलेल्या पोराला तुडवतो, आणि मालकाला कळत नाही की खच्ची घोड्याला हे काय झालं. घोडा मार खातो, विकला जातो, पुन्हा मार खातो. आता नुसता हात लावून कुठलाही वैद्य सांगू शकत नाही की किती काढली आणि किती राहिली, कारण पुरावा कापून टाकलेला आहे. अर्ध्या खच्चीकरणानं घोड्यावर झालेला हा अन्याय अंड न उतरण्यापेक्षा मोठा, कारण तो माणसानं केलेला आहे.

विसाव्या शतकात जास्त थांबायचं कारण नाही. १९३३ साली मुंबई इलाख्यात पशुधन सुधारण्याचा कायदा झाला आणि दाखला नसलेले वळू खच्ची करायची तरतूद आली. इटलीतल्या बुर्डिझ्झो नावाच्या पशुवैद्यानं बनवलेला चिमटा गावोगावच्या दवाखान्यांत पोचला. कातडी न कापता आतली शीर दाबून टाकणारा तो लांब दांड्यांचा चिमटा. तुम्ही कुलाबा जिल्ह्यातल्या एका दवाखान्याच्या अंगणात उभे आहात, गोऱ्हे ओळीनं बांधलेत, चिमट्याचा कट्‌ असा आवाज येतो आणि पुढचा गोऱ्हा. पूर्वी दगडानं ठेचून, बडवून जे व्हायचं त्यापेक्षा हे कितीतरी दयेचं. पण जे पिशवीत नाही, त्याला चिमटा लावणार कुठे?

आता अगदी अलीकडे या. दिवाळी होऊन महिना उलटलाय. तळीयेच्या खालच्या भातखाचरांत कापणीनंतरची खोडकं उभी आहेत आणि त्यांच्यावर फलटणकडचा धनगरवाडा उतरलाय. दरवर्षी पावसाळा संपला की हे लोक मेंढरं घेऊन कोकणात येतात. रात्री शेतात मेंढरं बसवतात. लेंड्या-मुताचं खत शेतकऱ्याला, बदल्यात भात धनगराला. पुरुष मेंढरांमागे निघून जातात, आणि वाडा हलवायचं काम बायकांचं. भांडी, गोधड्या, पालाचं कापड, कोंबड्या, नुकती व्यालेल्या मेंढीची कोकरं, कधी पोरंसुद्धा, असं सगळं घोड्यांच्या पाठीवर बांधून त्या पुढच्या शेताकडे निघतात. हे घोडे भीमथडीचे. बुटके, रुंद छातीचे, दगडी खुरांचे. मराठ्यांच्या पागेला ज्यांनी पाठ दिली त्यांचे वंशज आज इथे धनगरणींच्या हाताखाली टिकलेत, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन संस्थेनं स्वतंत्र जात म्हणून त्यांची नोंद केलीय. ते आता थोडेच उरलेत, म्हणून त्यातल्या एकेका नराचं काय करायचं हा प्रश्न मोठा.

वर डोंगराकडे बघितल्यावाचून राहवत नाही. २२ जुलै २०२१ला याच गावातल्या कोंढाळकरवाडीवर दरड आली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. धनगर तेव्हा देशावर होते; पावसात ते इथे नसतात. हिवाळ्यात उतरले तेव्हा मेंढरं बसवायला बोलावणारी काही घरं उरली नव्हती. वाड्यातली म्हातारी हाताच्या इशाऱ्यानं दाखवते, त्या शेतात आम्ही बसायचो, त्या घरची बाई भाताबरोबर वाल द्यायची. एवढं बोलून ती शिंगराची दोरी हातात घेते.

तुम्ही पशुवैद्यकीय दवाखान्याचे परिचर. डॉक्टरांबरोबर मोटरसायकलवर मागे बसून आलात. शिंगरू दीड वर्षाचं, लालसर, कपाळावर चांदणी.

“डाक्टर, माद्यांस्नी लई तरास देतंय. परवा भांड्याचा बोजा पाडला, त्येच्यावर नात बसल्याली. वाचली बगा,” म्हातारी सांगते. “एक गडी म्हनला, दिसतंय त्येवढं काढून देतू, पैसंबी थोडंच. पर मला काय ते पटंना.”

“बरं झालं तुम्हाला पटलं नाही, आजी,” डॉक्टर म्हणतात.

गुंगीचं इंजेक्शन मानेच्या शिरेत जातं. पाच मिनिटांत शिंगराचं डोकं खाली येतं, खालचा ओठ लोंबतो. डॉक्टर खांद्यापासून हात मागे नेतात, तसाच, सावकाश. मग तुम्हाला बोलावतात. उजवीकडे गोळी. डावीकडे रिकामी घडी, व्रण नाही. या वेळी गुंगीमुळे स्नायू सैल पडलेत, पायही हलत नाही, आणि फटीत बोट खोल जातं. टोकाला काहीतरी लागतं. मऊ, लहान, दाबलं की वर पळणारं.

“जांघेत आहे,” डॉक्टर म्हणतात, आणि ती बातमी चांगली आहे. पोटात असतं तर मोठं काम. लहान चणीच्या घोड्यांत जांघेतलं अंड कधीकधी दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत उतरतं, म्हणून घाई नको. पण म्हातारीच्या वाड्यात पोरं आहेत, माद्या आहेत, आणि शिंगरू आत्ताच बोजे पाडतंय. वाट बघायची तर ती कोण बघणार? नातू मधेच विचारतो, एका अंडावर घोडी फळते ना, मग नर म्हणून ठेवला तर? फळते. म्हणूनच ठेवायचा नाही. हा दोष घराण्यात चालत येतो, आणि थोड्या उरलेल्या जातीत तो पसरवायचा म्हणजे पुढच्या शिंगरांवर तीच पाळी आणायची.

“इथे शेतात हे करायचं नाही,” डॉक्टर सांगतात. “भूल दिल्याशिवाय खच्ची करणं आता नियमातही बसत नाही, आणि याला साधी भूल पुरणार नाही. परत जाताना वाटेवर शिरवळ लागतं ना तुम्हाला?”

लागतं. पावसाच्या आधी वाडा वरंध घाट चढतो, नीरा-देवघरच्या पाण्याकडेनं भोरला येतो, आणि तिथून शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९८८पासून या भागातली अवघड जनावरं तिथे येतात. तुम्हीही शिंगराबरोबर जा.

आदल्या रात्रीपासून त्याला चारा बंद. धनुर्वाताची लस आधीच टोचलीय. घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो आणि पूर्वी खच्ची केलेले कितीतरी घोडे जखमेनं न मरता त्यानं मरत. या वेळी दोर ओढणारी सहा माणसं नाहीत. शिरेतून औषध जातं, घोडा गुडघ्यांत वाकतो, चार हात त्याला गादीवर उतरवून घेतात. मग उताणा, पाय वर, जांघ पिवळसर औषधानं घासून स्वच्छ. सर्जन मॅडम आधी डावीकडे काप घेतात, लपलेल्याकडे. क्रम तोच, परळला वहीत लिहून घेतलेला. कातडी, चरबी, मग बोटांनीच वाट मोकळी करत त्या फटीच्या तोंडाशी पोचतात. एक पांढुरकी दोरी सापडते. अंडानं जिच्या वाटेनं यायचं होतं ती हीच. मॅडम ती चिमट्यात धरून हळू ओढतात. जोर लावला तर तुटेल, आणि तुटली तर पोटात हात घालावा लागेल. खोलीत कुणी बोलत नाही. आधी अंडाचं शेपूट दिसतं, मग ते स्वतः बाहेर येतं: फिकट, ढिलं, एखाद्या खारकेएवढं. सगळ्या दंग्याचं मूळ एवढंसं.

कापायच्या हत्यारात दोन कामं एकदम होतात, शीर चिरडणं आणि तोडणं. हत्यार उलटं धरलं तर अंडाची बाजू चिरडेल आणि घोड्याची बाजू वाहत राहील, म्हणून मॅडम ते लावण्याआधी एकदा उलटसुलट करून बघतात. मिनिटभर दाबून धरतात. रक्त नाही. आतडं सरकून येऊ नये म्हणून फट शिवून घेतात. आता उजवं. ते भरीव आणि नेहमीच्या आकाराचं आहे, दोन मिनिटांत बाहेर. दोन्ही अंडं स्टीलच्या ताटलीत शेजारी शेजारी ठेवतात आणि म्हातारीला आत बोलावून दाखवतात. ती वाकून बघते, मोठ्याकडे नाही, लहान्याकडे.

सूचना अशा: चोवीस तास बांधून ठेवायचं, शिरेतली गाठ पक्की व्हायला. त्यानंतर रोज चालवायचं, म्हणजे सूज उतरेल. जखमेतून लांबट काही लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही, स्वच्छ ओल्या फडक्यात धरून ठेवायचं आणि तसाच फोन करायचा. सहा आठवडे माद्यांत सोडायचा नाही, कारण तयार बीज अजून वाटेत असतं आणि रक्तातला माज उतरायलाही वेळ लागतो.

मग मॅडम कागद लिहायला घेतात. तारीख, रंग, कपाळावरची चांदणी. उजवं अंड पिशवीतून, डावं जांघेतून, दोन्ही काढली. शिक्का.

“हा कागद घोड्याबरोबर ठेवायचा, आजी. विकलात तर घेणाऱ्याला द्यायचा.”

“इकतंय कोन,” म्हातारी म्हणते. “दिवाळी झाली की कोकणात उतरायचंय. नातीला बसायला ह्योच.” ती कागद नातवाकडून एकदा वाचून घेते, प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाच्या घडीत घालते आणि तुम्हाला सांगते, “चल बाबा, माद्यांपस्नं लांब खुटा ठोकून दे.”